तुला ऐकू येत असेल

माझी सकाळ गेली कित्येक वर्षं देवघरातच सुरू व्हायची. घर उठायच्या आधी मी आंघोळ करून देवापुढे बसत असे, हातात आईने दिलेली जपमाळ. आमच्या जळगावच्या कॉलनीत त्या वेळी कुणाचा नळही वाजत नाही. त्या शांततेत नाम घ्यायला लागलं की मन हळूहळू तळाशी जाऊन बसायचं. शाळेतली धावपळ, घरातली आजारपणं, मुलीचं लग्न, सगळं मी त्या अर्ध्या-पाऊण तासाच्या बळावर निभावलं. मी काही मोठी साधक नाही. पण देव कुठे भेटतो असं कुणी विचारलं असतं, तर त्या शांततेत भेटतो, असं मी न अडखळता सांगितलं असतं.

संक्रांत होऊन गेली होती. एके दिवशी जपाला बसले आणि वाटलं, शेजारी कुणीतरी पाण्याची मोटर चालू ठेवली आहे. बारीक, एकसुरी आवाज. उठून खिडकी लावली, आवाज तसाच. फ्रीजचं बटण बंद केलं, इन्व्हर्टर पाहिला. शेवटी यजमानांना उठवून विचारलं, "हा आवाज कसला येतोय?" त्यांनी बराच वेळ कान देऊन ऐकलं आणि म्हणाले, "कुठला आवाज? काहीच तर नाही." मी दोन्ही कानांवर हात दाबले. आवाज कमी होण्याऐवजी वाढला. तेव्हा कळलं की तो घरात नाही, माझ्यात आहे.

पहिले काही दिवस वाटलं, सर्दी असेल, जाईल. गेला नाही. कानाच्या डॉक्टरांनी तपासलं. पडदा चांगला, मळ नाही. काचेच्या खोलीत बसवून ऐकण्याची चाचणी झाली, तीही ठीक. रक्त तपासलं, रक्तदाब पाहिला. सगळे कागद चांगले येत गेले आणि प्रत्येक चांगल्या कागदागणिक मी खचत गेले. काही निघालं असतं तर औषध तरी मिळालं असतं. शाळेतल्या सहकारी बाई म्हणाल्या, "मॅडम, टेन्शन घेता तुम्ही." नणंदेने फोनवर सांगितलं, "लक्षच देऊ नका, वहिनी." कुणी वाईट बोलत नव्हतं. पण मला जो आवाज क्षणभरही सोडत नव्हता, तो जगात दुसऱ्या कुणालाच ऐकू येत नव्हता. मी खोटं बोलत नाही हे त्यांना कसं दाखवायचं, तेच मला समजत नव्हतं. बोलणं कमी केलं. वजन उतरलं. झोप तर केव्हाच गेली होती.

वर्गात मुलांच्या गलक्यात तो आवाज बुडून जाई, म्हणून शाळा मला बरी वाटे. मग उन्हाळ्याची सुट्टी लागली. आमच्याकडचा उन्हाळा म्हणजे दुपारभर दारं-खिडक्या बंद आणि कूलर चालू. कूलरच्या घरघरीत मला जरा डोळा लागे. वीज गेली की इन्व्हर्टरवर कूलर चालत नसे, घरातले सगळे उकाड्याने हैराण होत. मी मात्र घाबरून जाई. कूलरचं पातं थांबता थांबता तो आवाज पुढे येताना मला कळे. आणि सकाळचा जप तर मोडतच चालला होता. बसायला गेले की देवाच्या आधी तोच समोर येई. एके दिवशी मी माळ डब्यात ठेवून झाकण लावलं. देवाला म्हणाले, तुझ्या-माझ्या भेटीची एवढी एकच जागा होती, तीच तू काढून घेतलीस. रागाने म्हणाले, आणि पुन्हा देवघरात बसले नाही.

नणंद धुळ्याला असते. तिच्या ओळखीच्या एका वयस्कर डॉक्टरांना दाखवायचं ठरलं. मेंदूचा फोटो आधीच काढून झाला होता. यजमानांना रजा मिळेना, म्हणून मी एकटीच एसटीने गेले. डॉक्टरांनी सगळे कागद शांतपणे पाहिले, घाई केली नाही. मग चष्मा काढून म्हणाले, "ताई, खोटा धीर देत नाही. कारण सापडत नाही. पण घाबरण्यासारखंही काही नाही. मन हळूहळू याला सरावतं, वेळ लागतो. तोपर्यंत अगदी शांत जागी एकट्या बसत जाऊ नका. पंखा, रेडिओ, काहीतरी चालू राहू द्या." त्यांनी सांगितलं ते योग्यच होतं, हे आज कळतं. तेव्हा मला एवढंच ऐकू आलं की शांतता आता संपली. नणंदेने जेवायला खूप आग्रह केला. मी दोन घास खाऊन उठले. दुपारच्याच गाडीने मी परत निघाले.

पारोळा मागे टाकून थोडं पुढे आलो आणि गाडी आचके देत रस्त्याच्या कडेला थांबली. ड्रायव्हरने दोन-तीनदा प्रयत्न केला, मग इंजिन पूर्ण बंद पडलं. कंडक्टर म्हणाले, "मागून दुसरी गाडी येतेय, तिच्यात बसवून देतो. सावलीला थांबा सगळे." इंजिनची धडधड थांबली तसा माझ्या डोक्यातला आवाज असा उसळला की मला गाडीत बसवेना. मी खाली उतरले. शेताच्या बांधाला एक निंब होता आणि त्याच्यालगत महादेवाचं लहानसं देऊळ. तिथे जाऊन पायरीवर बसले. दर्शनाला म्हणून गेले नव्हते, सावलीला गेले होते. आत पाहिलंही नाही. दोन्ही कान दाबून, मान खाली घालून बसून राहिले. मनात पहिल्यांदाच आलं, की असं जगण्यापेक्षा नसलेलं बरं. हे लिहायला आजही हात कचरतो, पण तसंच आलं होतं.

खांद्यावर कुणाचा तरी हात पडला. पाहिलं तर एक म्हातारी, डोक्यावरून पदर घेतलेली, हातात पाण्याची कळशी. देवाला पाणी घालायला आली असावी.

"काय व्हयनं माय? डोकं दुखस का?"

माझं माहेर धरणगावकडचं. शाळेत, कॉलनीत आम्ही शुद्ध बोलतो. पण तिचा तो सूर ऐकला आणि माझ्याही तोंडून आईची बोली आली. "कानमा आवाज शे, अक्का. बंदच होत नही. कोनलेच ऐकू येत नही, माले एकलीलेच येस."

वाटलं, आता ही एखादा पाला, एखादं तेल सांगेल. तिने कळशी खाली ठेवली, माझ्याजवळ टेकली, माझा हात कानावरून अलगद बाजूला केला आणि आपला कान माझ्या कानाला लावला. मी चकितच झाले. तिचा श्वास, लुगड्याला येणारा धुराचा वास, उन्हाने तापलेला तिचा गाल. ती खरोखर ऐकत होती. डोळे मिटून, जीव लावून. इतक्या महिन्यांत माझ्यासाठी असं कुणी ऐकून पाहिलं नव्हतं. आणि खरं तर, तसं ऐकून पाहता येतं हेच कुणाच्या मनात आलं नव्हतं.

मग ती बाजूला झाली. "माले तं नही ऐकू येत, माय," ती म्हणाली. "पन तू सांगस ना, मंग शे."

एवढं बोलून ती उठली, कळशी घेऊन आत गेली. पिंडीवर पाणी ओतता ओतता, घरातल्या माणसाशी बोलावं तशी म्हणाली, "महादेवा, आठे एक लेक बठेल शे. तिना कानमा आवाज शे. आम्हले नही ऐकू येत. तुले ऐकू येत व्हई."

माझा बांध फुटला. किती रडले, सांगता येत नाही. मी महिनोन्‌महिने देवाकडे हा आवाज थांबव म्हणून भांडत होते, पण त्यालाही तो ऐकू येत असेल, हे मला एकदाही सुचलं नव्हतं. मला वाटत होतं, मी इथे आत कोंडलेली आणि देव बाहेर कुठेतरी शांततेत. तो आतच होता. जे मी ऐकत होते, तेच तोही ऐकत होता. आवाज त्या क्षणीही चालूच होता, जराही कमी झाला नव्हता. पण मी त्या आवाजासोबत एकटी उरले नव्हते. म्हातारी येऊन बसली, पाठीवरून हात फिरवत राहिली. रस्त्यावरून कंडक्टरांची हाक आली, "जळगाववाले, चला, गाडी आली!" मी तशीच धावले. तिचं नाव विचारायचं राहून गेलं.

घरी आल्यावर यजमानांना सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. नंतर म्हणाले, "मला वाटायचं, विचारलं तर तुला उगीच आठवण होईल." त्या दिवसापासून ते सकाळी चहा घेताना सहज विचारतात, "आज कसा आहे?" मी सांगते, बारीक आहे, किंवा आज जास्त आहे. तेवढ्यानेही खूप हलकं वाटतं.

डब्यातली माळ मी बाहेर काढली. डॉक्टरांचं ऐकून देवघरात पंखा चालू ठेवला आणि बसले. आवाज आला, नाम मोडलं, पुन्हा धरलं. जमत नसे तेव्हा नुसतं म्हणत असे, तुला ऐकू येत असेल. काही दिवस तोच माझा जप होता. पावसाळा सरत गेला, तशी झोप परत आली. डॉक्टर म्हणाले होते तेच हळूहळू होत होतं. यात कृपा किती आणि सवय किती, याचा हिशेब मी करत नाही.

भाऊबिजेला आम्ही धुळ्याला निघालो, तेव्हा यजमानांना त्या देवळाशी गाडी थांबवायला सांगितली. शेतात कापसाची वेचणी चालली होती. म्हातारी निंबाखाली बसून वेचलेल्या कापसातला कचरा काढत होती. मी धावत जाऊन पाया पडले. तिने डोळ्यांवर हात धरून मला न्याहाळलं.

"कोन शे तू, माय? माले काही याद येत नही."

मी सगळं सांगितलं. गाडी बंद पडली ते, कानाला कान लावला ते, महादेवाला काय सांगितलं ते. ती नवल वाटून हसली. "मी आसं सांगं व्हतं? सांगं व्हई. मी तं त्याले बठ्ठंच सांगस."

"आते गया का आवाज?" तिने विचारलं.

"नही अक्का, शेच."

"बरं," ती म्हणाली, जणू मी कुणाची खुशाली कळवली होती. "चहा पीसन जाय."

चूल पेटवून तिने चहा ठेवला. आम्ही बांधावर बसून तो घेतला. यजमान तिला कापूस कसा आहे विचारत होते, ती बोंडअळीबद्दल सांगत होती. माझ्या मनात मात्र तिचं ते एकच वाक्य फिरत होतं, मी तर त्याला सगळंच सांगते. मी आयुष्यभर देवापाशी मागत आले. शांतता मागितली, मुलीला चांगलं घर मागितलं, हा आवाज जावा म्हणून मागितलं. ती मागत नव्हती. ती सांगून मोकळी होत होती, पुढचं त्याच्यावर सोडून. माझ्यासाठी तिने काही विशेष केलं होतं असं तिला वाटतही नव्हतं, आणि म्हणूनच ते माझ्यापर्यंत पोचलं असावं.

आता मीही सकाळी देवाला सांगते. आवाज आहे, हे सांगते. मुलीचा फोन आला नाही, वर्गातल्या कुणाच्या घरी दुखणं आहे, तेही सांगते. मग माळ हातात घेते. शांतता पहिल्यासारखी नाही, होईल असंही नाही. त्याला ते माहीत आहे, आणि मला तेवढं पुरतं.