मशीनमामांचा फेरा

मशीनमामांची सायकल सोडवायचीच, असं त्यांच्या लेकीने मनावर घेतलं त्याला कारण घडलं होतं. बाजारातल्या वळणावर मामा सायकलसकट टोमॅटोच्या ढिगात गेले. लागलं काहीच नाही. पण अंगभर लालभडक झालेला बाप दवाखान्याच्या दारात उभा राहिल्यावर तिथे नर्स असलेल्या लेकीचं काय झालं असेल, ते तिचं तिलाच ठाऊक.

"आमच्या दवाखान्याच्या चौकीदाराला देऊन टाका ती सायकल," ती म्हणाली. "बिचारा रोज चालत येतो."

"मी अजून जिवंत आहे."

"म्हणूनच सांगतेय, बाबा."

शेवटी तडजोड झाली. मामांनी एकदा त्यांचा जुना फेरा, आडवाटांवरच्या सगळ्या वस्त्या धरून, पायडल मारत पुरा करायचा. जमलं तर सायकल त्यांची. मध्येच फोन करून बोलावलं, तर चौकीदाराची.

"अहो, पडलात तर निदान मऊ जागा बघून पडा," एवढं बोलून मामींनी डबा हातात दिला.

शिलाई मशीन दुरुस्त करणं हा मामांचा जन्माचा धंदा. कॅरिअरवर हत्यारांची लोखंडी पेटी आणि तिच्यावर कुणाचं तरी बिघडलेलं मशीन, असा संसार बांधून ते आयुष्यभर फिरले. आज कॅरिअर रिकामं होतं, आणि सायकल नव्या नवरीसारखी बावरली. हँडल डावीकडे जाई, मामा उजवीकडे. रिकामी सायकल चालवायला ते कधी शिकलेच नव्हते! पहिल्याच मोरीपाशी त्यांनी एक चांगला जाडजूड दगड निवडला, कॅरिअरला करकचून बांधला आणि मग कुठे गाडी सुतासारखी सरळ धावू लागली.

वाटा होत्या तशाच होत्या. दोन्ही बाजूंना कुंपणं, मधे चाकोरीचे दोन पट्टे आणि त्यांच्यामध्ये गवताची शेंडी. माणूस नाही, गाडी नाही. सायकलच्या साखळीची कुरकुर तेवढी सोबतीला. या वाटांवर मामांनी तरुणपणी मोठमोठ्याने गाणी म्हटली होती. ऐकायला कोणी नसे, म्हणून ती चांगलीही वाटत.

त्यांची एक रीत होती. कुणाचंच दार ठोठावायचं नाही. वस्तीच्या तोंडाशी सायकल लावून घंटी वाजवायची. मग घराघरातली मशिनं एकेक करून थांबत. खडखड, खडखड, आणि गप्प. त्या शांततेत बायका बाहेर येत. "मामा, माझं आधी बघा, हिचं काही नाही, ही उगाच नखरे करते!" बिघाड कमी आणि गप्पाच जास्त.

आज पहिल्या वस्तीत घंटी वाजवली, तर थांबायला एकही मशीन चालू नव्हतं. दुसरीकडेही तेच. एका मशिनावर टीव्ही बसला होता, एकावर कोंबडी. मामांनी कोंबडीलाही नमस्कार केला.

शेवटच्या वस्तीत मात्र खडखड ऐकू आली. मामांनी घंटी वाजवली. खडखड थांबेना. पुन्हा वाजवली. शेवटी आवाजाच्या मागावर ते आत गेले, तर टेलरबाई उशीच्या अभ्र्यावर वाकलेल्या.

"बाई, घंटी ऐकली नाहीत?"

"काय?"

"घंटी!"

"अगं बाई, मामा! कान गेले हो माझे. आणि हे मशीन टाके सोडतंय. मुलगा म्हणतो, म्हातारं झालं. उद्या भंगारवाला येणार आहे न्यायला."

मामांनी शटल उघडून पाहिलं. "भंगारात तुमचा मुलगा घाला. हत्यारं घरी आहेत. हे मी नेतो आणि नीट करून आणतो."

बाई हसता हसता डोळे पुसू लागल्या. दगड अंगणात उतरला, मशिनाचं धड कॅरिअरवर चढलं. परतीच्या वाटेवर मामांना वाटलं, मधली सगळी वर्षं कोणीतरी चुकून मोजली असावीत.

मग चढ आला. निम्म्यावर गुडघ्याने साफ नकार दिला. ढकलत न्यावं, तर मशिनाचं वजन सायकलीला मागे ओढू लागलं. मामांनी मशीन उतरवून गवतात ठेवलं. उद्या येऊन नेऊ, कोण चोरतंय! हलकी सायकल ढकलत थोडे वर गेले आणि मागे वळून पाहिलं. गवतात ते काळं मशीन एकटं बसलं होतं. कुणाच्या तरी आईला बसस्टँडवर विसरून निघावं, तसं. उद्या गुडघा उठला नाही तर? आणि रात्री दव पडलं तर?

मामा खाली आले, मशिनाशेजारी बसले आणि त्यांनी फोन लावला.

लेक स्कूटरवर आली. घाम पुसणाऱ्या बापाकडे पाहून तिला पैजेचा विषयच काढवेना. मशीन पायाशी ठेवत ती म्हणाली, "मी आपली सहज इकडे आले होते. तुम्ही काही फोनबिन केला नव्हता."

"केला होता," मामा म्हणाले. "नर्सने खोटं बोलू नये. पेशंट घाबरतात."

चौकीदार सोमवारी सायकल न्यायला आला. उंच माणूस, बसल्यावर त्याचे गुडघे हँडलला लागू लागले. सीट वर घ्यायला हवी होती, पण मामांनी ती कधी हलवलीच नव्हती. नट गंजून बसला होता.

"राहू द्या मामा, मी घेईन सांभाळून," तो म्हणाला.

"गुडघे जातील तुझे." मामांनी नटावर तेल सोडलं आणि ओट्यावर बसून राहिले. पुन्हा सोडलं. मामींनी दोघांना चहा दिला. मग पाना लावून मामांनी त्यावर अंगाचा सगळा भार टाकला. नट कर्रकन ओरडला आणि फिरला. मामांनी सीट वर ओढली, आवळली आणि हाताने दाबून पाहिली.

"बस आता," ते म्हणाले.