वळायला लागणारी जागा

वळायला बैलगाडीपेक्षा जास्त जागा लागणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते म्हणजे केनवडचे, माझ्या आत्याचे धाकटे दीर. आम्ही त्यांना काकाजी म्हणत असू. सरळ रस्त्यावर ते भल्याभल्यांना मागे टाकत. पण कुणी मागून हाक मारली, की थांबत, अंदाज घेत आणि अर्ध्या बाजाराला फेरा घालून समोर येत. तोवर हाक मारणारा आपलं काम विसरलेला असे. चटकन वळले, की डावा गुडघा निसटे आणि काकाजी जमिनीवर.

कारण विचारलं, की माझं डोकं चक्रावून जाई. पहिलं महायुद्ध संपल्यावर ते एका गोऱ्या साहेबाचे खानसामा म्हणून काश्मिरात होते. तिथे साहेबलोक पायांना लांब फळ्या बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत. मुद्दाम! आमच्याकडे चिखलात घसरलेला माणूस आधी कुणी पाहिलं का ते बघतो. साहेबाने एकदा यांच्याही पायांना फळ्या बांधल्या. "मी वळलो, फळी नाई वळली," काकाजी सांगत. "गुडघ्यात कट्‌कन वाजलं. डाक्तर म्हने, हाड साबूत हाये, आतली दोरी तुटली." मंगरूळपीरच्या हाड बसवणाऱ्याने गुडघा दाबून पाहिला, सूज नाही, हाड जागेवर, म्हणून त्याने यांनाच खोटं ठरवलं. मीही तो गुडघा चाचपला आहे. दोरी कुठून कुठे जाते, ते मला अजून उमगलेलं नाही.

अशात काकाजींचं लग्न निघालं. वय उलटत चाललेलं, आधीची स्थळं 'नवरदेव लंगडा' म्हणून परत गेलेली. किन्हीराजा गावची, मुलीकडची मंडळी पाहायला आली, तेव्हा आत्याने दिराला नुसतं सरळ चालवलं.

"काहून लपवता वैनी?"

"चूप राहा. तुमाले बायको पाह्यजे का नाई?"

होमाभोवती फिरायची वेळ आली तेव्हा आम्ही सगळे त्यांच्या डाव्या गुडघ्याकडे बघत बसलो. पडले असते, तर भर मांडवात लग्न मोडलं असतं. पहिल्याच वळणावर गुडघा हलला. काकाजी पांढरेफटक पडून थांबले. मागे शेल्याच्या गाठीने बांधलेली नवरी. "काय झालं?" तिने हळूच विचारलं, आणि या माणसाने तिथेच, भटजींसमोर, थेट बर्फापासून सांगायला सुरुवात केली!

"मले काईच समजून नाई राह्यलं," ती म्हणाली. "पन माहा हात धरा अन् सावकाश वळा."

मांडव हसला, तिचे वडील ताडकन उठले. पण तिने धरलेला हात सोडला नाही, आणि फेरे पूर्ण झाले.

पुढे आयुष्यभर काकू प्रत्येक वळणावर त्यांच्या डाव्या बाजूला असत. बर्फाची भानगड त्यांनाही शेवटपर्यंत कळली नाही. त्या गेल्या, त्यानंतरच्या एका बाजाराला काकाजी मला घराकडच्या वळणावर उभे दिसले.

"चाला नं काकाजी," मी म्हटलं.

"थांब जरासा. येऊन राह्यली ती."

मग त्यांचं त्यांनाच आठवलं, आणि ते गोंधळून माझ्याकडे बघत राहिले. मी हात पुढे केला. तो त्यांनी धरला, पण वळायला त्यांना फार वेळ लागला.