भुताच्या विहिरीचं पाणी

भुताच्या कादंबऱ्या मी इतक्या वाचल्यात की भूत कुठल्या पानावर येणार, हे मला आधीच कळतं. त्या दुष्काळात ऊस नव्हता म्हणून आमचा साखर कारखाना बंद होता, पण त्याचं वाचनालय उघडं असायचं. तिथल्या ग्रंथपालानं एक जाडजूड कादंबरी माझ्या हातात ठेवली. "ही वाचा, घाम फुटंल." घामाला काय, तो उन्हानंच फुटत होता.

कादंबरीत गावाबाहेर एक विहीर होती, काठोकाठ भरलेली. पाण्याला जाईल त्याला आतली बाई ओढून न्यायची. ते पान मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा मला नुसतं पाणीच दिसलं. मी चिडून पुस्तक आपटलं. हा लेखक राहतो तरी कुठल्या हिरव्या मुलखात?

तेवढ्यात बायको टँकरवरून रिकामी घागर घेऊन परतली. तिला हसवावं म्हणून मी ती गोष्ट सांगितली. ती हसली नाही. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि घागर पुन्हा कमरेवर घेत जे विचारलं, त्यानं इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या अंगावर काटा आला.

"लई लांब हाय का ती विहीर?"