पेटीतला वरचा थर

वरूडच्या संत्रा बाजारात खुशालरावांची उमर गेली. बागेतून आलेला ढीग समोर पडला की त्यांचे हात आपसूक चालायला लागत. मोठं फळ इकडे, मधलं तिकडे, बारीक चुरी बाजूला आणि डागी माल त्याहून बाजूला. पेटी भरताना तळाला भाताचं वाळलं तणस, त्यावर साधारण माल आणि सगळ्यात वर चकचकीत, देखणी फळं. यात काही लबाडी आहे असं त्यांना कधीच वाटलं नाही. पाहुणे आले की आपण चांगली चादर अंथरतोच की, असं ते म्हणत.

पुढे गुडघे कुरकुरायला लागले आणि मुलानं खुशालराव-जमुनाबाई या नवराबायकोला अकोल्याला आणलं. तिथे मोठी पंचाईत झाली. ज्यांच्या नजरेवर ट्रक भरले जात, त्या खुशालरावांना जमुनाबाईंनी मेथी निवडायला बसवलं. वर त्यांनी निवडलेली जुडी त्या पुन्हा निवडत. "देठ किती ठेवले वो तुमी," एवढंच म्हणत, पण रोज म्हणत. शेवटी शेवटी नुसता मेथीचा वास आला तरी खुशालराव चपला शोधायला लागायचे.

सुटका केली ती शेजारच्या शेखर पाळकांनी. त्यांच्या छोट्या मेथडिस्ट चर्चच्या मागे एक खोली होती आणि तिच्यात मंडळीचा सगळा इतिहास कोंबलेला होता. गावोगाव फिरणाऱ्या उपदेशकांच्या दौऱ्यांची टिपणं, सभांची इतिवृत्तं, बाप्तिस्म्याचे दाखले, रविवारच्या शाळेची हजेरी, महिला मंडळाचे फोटो, सगळं एकावर एक. खोली उघडून बसायला आणि धूळ झटकायला कोणीतरी हवं होतं. खुशालराव त्या धर्माचे नाहीत याची पाळकांना अडचण वाटली नाही, आणि खुशालरावांना तर मुळीच नाही. त्या खोलीत मेथी नव्हती.

सुरुवातीला त्यांनी खरंच फक्त धूळ झटकली. मग हात शिवशिवायला लागले आणि त्यांनी सगळा संग्रह लावून टाकला, तोही आकारानं. मोठे नकाशे आणि बिशपसाहेबांचे भिंतीवरचे फोटो एका पेटीत, मधले कागद दुसरीत, पोस्टकार्डाएवढी चुरी तिसरीत. एखाद्या सभेचं इतिवृत्त मोठ्या कागदावर सुरू होऊन छोट्या कागदावर संपलं असेल, तर बिचाऱ्याची ताटातूट व्हायची.

केशरबाई नावाच्या म्हाताऱ्या बाई वडिलांच्या बाप्तिस्म्याचा दाखला शोधत आल्या आणि साल सांगायला लागल्या. खुशालरावांनी त्यांना थांबवलं.

"साल राहू द्या. कागद केवढा व्हता, थे सांगा."

केशरबाईंनी हातानं माप दाखवलं. दाखला काही सापडला नाही, पण त्या मापाचं एक लग्नाचं प्रमाणपत्र सापडलं. ते कोणाचं, कोणाची सून कोण, यात बाई दुपारभर रमल्या. चहाही झाला. या शहरात आपल्याला कोणीतरी काहीतरी विचारतं, या आनंदात खुशालराव त्या दिवशी गुडघ्यांचं दुखणंही विसरले.

आणि एके दिवशी पाळक म्हणाले, "काका, सोमवारी नागपूरच्या मोठ्या कचेरीतून वर्षाली मॅडम तपासाले येऊन राहिल्या. संग्रह नीट ठेवलेला नसला तर समदा तिकडे नेतीन म्हणतात."

खुशालरावांच्या डोळ्यांसमोर रिकामी खोली आली आणि तिच्या शेजारी मेथीची भलीमोठी जुडी. ते सरळ पेट्या भरायला बसले. तणस मिळालं नाही म्हणून तळाला रद्दी चुरगळून घातली, त्यामुळे मेथडिस्टांच्या इतिहासात गेल्या आठवड्याचं राशिभविष्यही गेलं. त्यावर वाळवीनं खाल्लेले कागद, त्यावर साधारण, आणि सगळ्यात वर सोनेरी कडेची प्रमाणपत्रं व हसऱ्या चेहऱ्यांचे फोटो.

मॅडमनी पहिली पेटी उघडली आणि "छान" म्हणाल्या. दुसरी उघडली आणि "फारच छान" म्हणाल्या. पाळकांनी रुमालानं कपाळ पुसलं. तिसऱ्या पेटीशी मॅडमनी बाही वर सरकवली आणि वरच्या फोटोंकडे न बघता कडेकडेनं हात कोपरापर्यंत आत घातला. खुशालराव पुढे सरकले. असा हात त्यांनी बाजारात पाहिला होता. मुरलेले व्यापारीच तो घालत.

"मॅडम, तुमी कुठच्या?"

"वरूडची," मॅडम म्हणाल्या. "आमची संत्र्याचीच बाग हाये, काका. वरचा थर मले नका दाखवू."

हात बाहेर आला तो राशिभविष्यासकट. त्याच्यासोबत एक पुडकंही आलं. जुन्या धोतराच्या स्वच्छ फडक्यात वाळवीनं अर्धे खाल्लेले दाखले गुंडाळून ठेवलेले होते. तळाला अशी पुडकी आणखीही होती.

"हा तर डागी माल," मॅडम म्हणाल्या. "फेकला काहून नाही? डागी फळ पेटीत कोणी ठेवते का?"

आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. खुशालराव खरं तेच बोलले. "फेकालेच नेला व्हता. मंग पाह्यलं, परतेकावर नाव हाये. संत्र्यावर नाव नसते, मॅडम. नाव असल्यावर कसं फेकू?"

 मॅडमनी पुडकं होतं तसं बांधलं आणि दोन्ही हातांनी परत ठेवलं. मग म्हणाल्या, "संग्रह इथंच राहू द्या."

खुशालरावांचा जीव भांड्यात पडला.

"पण समदा सालानुसार लावा लागन. आणि काकांच्या एकट्याच्या भरवशावर नाही. निवडाची पक्की नजर असलेलं कोणी पाह्यजे सोबतीले."

नेमक्या त्याच वेळी जमुनाबाई डबा घेऊन दारात आल्या. त्यांनी टेबलावरच्या उघड्या पेट्यांकडे एकदा पाहिलं, डबा ठेवला आणि पेट्यांशेजारी पडलेला चुरगळलेला कागद उचलला. "अवो, हे राशिभविष्य इथं काय करून राह्यलं?"

वर्षाली मॅडमनी पाळकांकडे पाहिलं. पाळकांनी खुशालरावांकडे. खुशालरावांनी छताकडे.

आता दोघंही रोज त्या खोलीत बसतात. खुशालराव कागद सालानुसार लावून गठ्ठा पुढे सरकवतात आणि जमुनाबाई तो पुन्हा लावतात. "साल नीट पाह्यत नाही वो तुमी," एवढंच म्हणतात, पण रोज म्हणतात. केशरबाईंना वडिलांचा दाखला मिळाला, कपाटं कशी ओळीनं लागली आहेत, आणि लोक येतात ते जमुनाबाईंनाच विचारतात. संध्याकाळी खोलीला कुलूप लावून दोघं घरी जातात, आणि घरी मेथी असतेच.