नानांचा टॅक्स मी वाचवला

ज्या माणसाला आयकर लागतच नव्हता, त्याचा आयकर मी एकदा वाचवून दाखवला आहे.

तो माणूस म्हणजे आमचे नाना, माझे धाकटे दीर. मुक्ताईनगरकडे त्यांची केळी. आम्ही जळगावात, कारण आमचे हे कॉलेजच्या ऑफिसात नोकरीला. मी तेव्हा पन्नाशीला टेकले होते. आज नातवंडं मला हुशार समजतात, कारण त्यांनी मला तेव्हा पाहिलेलं नाही.

त्या वर्षी भिशीत एकीने सांगितलं, की बँकेत पाच वर्षांची टॅक्सवाली एफडी केली की टॅक्स वाचतो. मी लगेच ह्यांच्या नावाने करून टाकली. (पैसे ह्यांचे, सही ह्यांची, कर्तबगारी माझी.) हे म्हणाले, ‘बरं केलंस.’ एवढ्या वर्षांच्या संसारात हे दोन शब्द पहिल्यांदाच कानावर पडले आणि हवा थेट डोक्यात गेली. मग कोणाचा टॅक्स वाचवू असं मला होऊन गेलं. दूधवाल्यालाही मी विचारलं, तुमचं टॅक्सचं काय म्हणून. दुसऱ्या दिवसापासून तो दुधाची पिशवी फाटकाला अडकवून पळू लागला.

मार्चच्या अगदी शेवटच्या दिवशी मी गच्चीवर बिबडे, म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड, घालत होते, हात कोपरापर्यंत शिजवलेल्या घाट्यात. तेवढ्यात नाना आले. केळीचे पैसे खात्यात आले होते. जूनला नवी रोपं यायची होती; बयाणा देऊन झाला होता, बाकी रक्कम रोपं उतरतील तेव्हा द्यायची. पण खात्यात पैसे दिसले की गावात दहा कामं निघतात, म्हणून दोन महिने ते कुठेतरी अडकवून ठेवायचे, एवढंच त्यांना हवं होतं.

“पण वहिनी, जूनले मोकये झाले पाह्यजेत बरं,” असं ते जिन्यात एकदा आणि गच्चीवर एकदा म्हणाले.

मी विचारलं, “नाना, टॅक्सचं काय करता तुम्ही?”

“टॅक्स? भरला तर नाही बा कधी.”

कधीच नाही! आयकरवाले गाड्या घेऊन केळीच्या बागेत शिरताहेत आणि नाना घडांमागे लपले आहेत, असं मला लख्ख दिसायला लागलं. घड्याळात दोन वाजले होते. घाटा तसाच टाकून, हात अर्धेमुर्धे धुऊन मी नानांना रिक्षात घातलं.

बँकेत मार्चअखेरची ही गर्दी. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, पाच वर्षांचीच ना? मी म्हटलं, पाचच. तिने विचारलं, नियम माहीत आहेत? मी अशा काही नजरेने तिच्याकडे पाहिलं, की जणू ते मीच लिहिलेत. मर्यादा होती तेवढे पूर्ण दीड लाख टाकले. वाचवायचा तर सगळाच वाचवू! मी जिथे बोट ठेवलं, तिथे नानांनी सही केली. फक्त पावती घेताना त्यांनी हळूच विचारलं, जूनमध्ये अडचण नाही ना? एफडी काय, केव्हाही मोडता येते, असं मी त्यांना ऐकवलं. (माझ्या माहितीतल्या सगळ्या एफडी आजवर मोडलेल्याच होत्या.) घरी आलो तर गच्चीवरचा घाटा दगड झाला होता.

मेच्या शेवटी रोपवाटिकेचा फोन आला, की रोपं तयार आहेत, पैसे घेऊन या. नाहीतर यादीतल्या पुढच्या शेतकऱ्याला देतो. नानांचं शेत नांगरून, ठिबकच्या नळ्या अंथरून तयार. आम्ही दोघं ऐटीत मॅनेजरसाहेबांसमोर जाऊन बसलो. साहेबांनी पावती पाहिली आणि ही मोडता येत नाही म्हणाले.

मी म्हटलं, व्याज कापा. ते म्हणाले, तरी नाही. मी म्हटलं, मग हिच्यावर कर्ज द्या. तेही नाही. मी आवाज चढवला, म्हणजे कोणत्याच परिस्थितीत मिळणार नाहीत का? साहेब सज्जन होते, खरं तेच बोलले. ठेवीदार मध्येच वारला, तर त्याच्या वारसाला मिळतात म्हणाले.

नानांनी पावती उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाले, “साहेब, म्हंजे मी मेलो तर रोपं येतीन?”

तरी मी शेवटचा बाण सोडला, की निदान नानांचा टॅक्स तरी वाचला! साहेबांनी नानांना विचारलं, उत्पन्न कशाचं?

“केळीचं.”

“आणखी?”

“आणखी बी केळीच.”

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “ताई, शेतीच्या उत्पन्नाला आयकर नसतो.”

घरी जेवताना ह्यांना सगळं सांगितलं. ह्यांनी फक्त ‘नानाचा टॅक्स?’ एवढंच विचारलं, शांतपणे शेवभाजी संपवली, हात धुतले आणि दारापुढच्या ओट्यावर गेले. तिथून बराच वेळ हसण्याचा आवाज येत होता. त्यापेक्षा चार शब्द बोलले असते, तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी हातातल्या बांगड्या काढल्या आणि सराफाकडे गहाण ठेवल्या. नाना नको नको म्हणत होते, गावच्या सोसायटीतून कर्ज बघतो म्हणत होते. मी ऐकलं नाही. (ऐकण्याची सवय असती, तर ही वेळच आली नसती.) रोपं वेळेवर आली. पुढच्या वर्षी घड उतरले, तेव्हा नानांनी घरात काही आणायच्या आधी माझ्या बांगड्या सोडवून आणल्या.

इथे संपलं असतं तर ठीक होतं. पण मधल्या मार्चमध्ये बँकेने त्या एफडीच्या व्याजातून टॅक्स कापून घेतला. कापू नये म्हणून वर्षाच्या सुरुवातीला एक फॉर्म भरून द्यायचा असतो, तो मी भरायला लावला नव्हता! जन्मात कधी टॅक्स न भरलेल्या माणसाला, मी टॅक्स वाचवल्यामुळे पहिल्यांदा टॅक्स लागला. त्यानंतर दर एप्रिलला मी नानांसोबत बँकेत जाऊन तो फॉर्म देत होते. काउंटरवरची मुलगी मला पाहिलं की मान खाली घालून शिक्का शोधायची.

पाच वर्षं झाली. आता मुदत भरली असेल, नानांना चांगला सल्ला द्यावा, म्हणून मी भिशीत दोन-चार नव्या योजनांची चौकशीही करून ठेवली होती. एका दुपारी नाना आले, केळीचा घड ओट्यावर ठेवला, चपला काढल्या आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, “वहिनी, पैसे सोमवारीच सुटले. पहिले ते रोपंवाल्याले देऊन टाकले, मंग तुमाले सांगाले आलो. आता करा चहा.”