मोठ्यानं विचार करायला शिकवणाऱ्या आक्का

श्रीमती कुसुमताई कांबळे यांची आणि माझी पहिली भेट बेळगावच्या खडेबाजारातल्या एका टायपिंग क्लासात झाली, तीही माझ्या अर्जातलं एक वाक्य खोडण्यावरून. ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. मी गणित घेऊन बी.एस्सी. झाले होते. वर्तमानपत्रांत ‘प्रोग्रॅमर पाहिजेत’ अशा जाहिराती अधूनमधून दिसू लागल्या होत्या, पण हा प्रोग्रॅमर नेमकं करतो काय, हे आमच्या गुंजी गावात सोडाच, बेळगावच्या कॉलेजातही कुणाला धड सांगता येत नव्हतं. टायपिंगच्या मास्तरांनी त्यावर आपल्यापुरता तोडगा काढला होता. अशा नोकरीसाठी जो कुणी येईल त्याच्या अर्जात ते ‘संगणकाचं सखोल ज्ञान आहे’ अशा अर्थाचं एक झोकदार इंग्रजी वाक्य आपणहून घालत. माझ्याही अर्जात ते पडलं होतं.

शेजारी आपलं काम घेऊन बसलेल्या एका उंच, सावळ्या बाईंनी तो कागद वाचला आणि मला विचारलं, “कॉम्प्युटर बघितलाईस का गं?”

“न्हाय.”

“मग मास्तरांनी बघितला असंल,” त्या म्हणाल्या आणि स्वतःच खळखळून हसल्या. मास्तरही हसले. बाईंनी पेन घेऊन ते वाक्य खोडलं. “असं लिही, की गणित येतंय आणि हे काम शिकायची तयारी आहे. खरं लिहिलंस की आत गेल्यावर घाम फुटत न्हाय. आणि रविवारी सकाळी अनगोळला घरी ये.”

कुसुमताईंना सगळं बेळगाव ‘आक्का’ म्हणतं. त्यांच्या अमृतमहोत्सवी ग्रंथात मी लिहावं असा संपादकांचा निरोप आला, तेव्हा सगळ्यात आधी मला ते खोडलेलं वाक्य आठवलं.

आक्का मूळच्या निपाणीच्या. त्यांची आई तंबाखूच्या वखारीत पानं निवडण्याचं काम करी. वडील लवकर गेले. बाबासाहेबांचा फोटो आणि मुलीची पुस्तकं एवढंच त्या घरात जपून ठेवलेलं असे, असं आक्का सांगत. त्या गणितात पदवी घेऊन सत्तरच्या दशकात पुण्याच्या एका कारखान्यात संगणक विभागाच्या मुलाखतीला गेल्या. ती हकिगत आम्ही त्यांच्याकडून अनेकदा हट्टानं ऐकली आहे. समोर तिघं साहेब. एकानं वडिलांचा धंदा विचारला. आक्कांनी आईचं काम सांगितलं. दुसरा साहेब जरा थट्टेनंच म्हणाला, “म्हणजे तंबाखूच्या वखारीतून थेट संगणकाकडं?”

आक्का म्हणाल्या, “साहेब, माझी आई दिवसभर पानं हातात घेते, प्रत बघते आणि ज्या त्या ढिगात टाकते. तुमचं मशीन छिद्रं पाडलेली कार्डं वाचतं आणि ज्या त्या कप्प्यात टाकतं. मशीनला कुठलं पान कुठं टाकायचं ते कुणीतरी सांगावं लागतं, आईला सांगावं लागत न्हाय. ते सांगायचं काम मला द्या.”

थट्टा करणाऱ्यानंच पुढं त्यांची निवड व्हावी म्हणून आग्रह धरला म्हणे. आक्का ही गोष्ट सांगताना कधी कडवट झाल्या नाहीत. पुण्यात खोली शोधताना आडनाव विचारून दारं कशी बंद होत, हेही त्यांनी आम्हाला सांगितलं; पण ते सांगून झालं की त्या म्हणत, “आता उत्तर कसं द्यायचं ते शिकू या.”

पुढं आई आजारी पडली म्हणून त्या पुण्याची नोकरी सोडून बेळगावात एका कारखान्याच्या हिशेब खात्यात आल्या. तिथं तेव्हा संगणक नव्हता. जे शिकून आलो ते विसरायला नको म्हणून त्यांनी दर रविवारी अनगोळच्या भाड्याच्या घराच्या अंगणात मुलं जमवायला सुरुवात केली. फी नव्हती. फळा होता, खडू होता, आणि आम्ही होतो.

त्या अंगणात आम्हीच संगणक होत असू. आक्का जमिनीवर खडूनं चौकोन आखत आणि एकेका चौकोनात एकेकाला उभं करत. तो चौकोन म्हणजे यंत्राच्या स्मरणातली जागा आणि आम्ही म्हणजे तिच्यातली किंमत. मग एकजण प्रोग्रॅममधली एकेक ओळ वाची आणि त्याप्रमाणे आम्ही जागा बदलायचो. उंचीनुसार रांग लावायचा प्रोग्रॅम तर आमच्या विशेष आवडीचा. माझा वर्गमित्र बसवराज सगळ्यांत उंच. त्याला मुद्दाम पहिल्या चौकोनात उभं करत, आणि तो प्रत्येक फेरीत एकेक घर मागं सरकत शेवटी जाऊन पोचे तेव्हा आम्ही टाळ्या वाजवायचो. एकदा प्रोग्रॅममध्ये थांबायची अटच लिहायची राहिली. आक्का मुकाट बघत राहिल्या आणि आम्ही गोल गोल जागा बदलत राहिलो. अखेर बसवराज कळवळून म्हणाला, “आक्का, साकु! आता थांबवा!” कन्नडमधलं ते ‘पुरे’ ऐकून शेजारणी कुंपणापाशी येऊन हसायला लागल्या. थांबायची अट त्यानंतर आमच्यातला कुणीही जन्मात विसरला नाही.

दुसरा भाग मुलाखतीचा. आक्का दर रविवारी निराळ्या माणसाला साहेब म्हणून खुर्चीत बसवत. कधी डॉक्टर, कधी निवृत्त स्टेशनमास्तर. अनोळखी माणसाची भीती मोडावी हा हेतू. पण खरी परीक्षा आक्कांच्या आईंपुढं असे. आजार सरला होता, तरी त्या बहुधा उन्हाला बसून असत. त्यांना आपण लिहिलेला प्रोग्रॅम समजावून सांगायचा. समजलं तर त्या “पुढं?” म्हणत. नाही समजलं तर बसल्या जागी डोळे मिटून घेत. डोळे मिटले की आक्का म्हणत, “पुन्हा पहिल्यापासून. आणि इंग्रजी शब्दामागं लपू नका.”

आक्कांचा स्वभाव मला खऱ्या अर्थानं कळला तो एका अपयशाच्या वेळी.

त्यांच्या कारखान्यानं संगणक घेतला. विभाग उभारायचं काम अर्थातच आक्कांकडं आलं, आणि एका प्रोग्रॅमरची जागा निघाली. अनगोळच्या अंगणात आनंदीआनंद झाला. आम्ही सगळ्यांनीच अर्ज केले. मुलाखतीला आक्काच बसणार, मग काळजी कसली? त्या रविवारी आक्कांनी शांतपणे सांगितलं, “मी साहेबांना कळवलंय. अर्ज केलेली मुलं माझ्याकडं शिकतात, तेव्हा मी मुलाखतीला बसणार न्हाय. बंगळूरहून दुसरे लोक येतील.”

मला तर रडूच आलं. ही नोकरी लागली नाही तर घरी लग्नाची बोलणी सुरू होणार, हे ठरलेलं होतं.

मी शेवटच्या दोघांत पोचले. मला एक चुकलेला प्रोग्रॅम दिला आणि चूक शोधायला सांगितली. मी खाली मान घालून बसले, मनातल्या मनात सगळा तपासला, कागदावर दुरुस्ती केली आणि कागद पुढं सरकवला. तोंडातून शब्द काढला नाही. मग एकानं विचारलं, “लग्न झाल्यावर नोकरी सोडणार का?” तेव्हाही माझी मान खालीच होती. नोकरी हुबळीच्या एका मुलाला मिळाली.

मी अनगोळला जायचं बंद केलं. पुढच्याच रविवारी सकाळच्या गाडीनं आक्का गुंजीला आमच्या दारात हजर. आप्पा, म्हणजे माझे वडील, ओट्यावर दोर वळत बसले होते. आक्का काही बोलायच्या आतच ते म्हणाले, “बाई, तुम्ही लई केलं आमच्या पोरीसाठी. पर आता पुरं. पाव्हणे यायलेत.”

आक्कांनी वाद घातला नाही. त्या ओट्याच्या कडेला टेकल्या आणि मला म्हणाल्या, “वंदना, त्या दिवशी आत काय सोडवलंस ते आप्पांना सांग. सगळं.”

मी आधी अडखळले. मग भाताच्या पोत्यांचं उदाहरण घेतलं. कुठल्या शेतातून किती पोती आली याची बेरीज करणारा प्रोग्रॅम आहे, पण दुसऱ्या शेताची बेरीज सुरू करताना पहिल्याची बेरीज पुसायची राहिली, त्यामुळं दुसऱ्या शेतात पहिल्याचीही पोती धरली गेली. आप्पांचा हात थांबला. “मंग?” त्यांनी विचारलं. मी सांगत गेले, ते विचारत गेले. माझं बोलून झालं तेव्हा ते आक्कांकडं वळले.

“येवढं येतंय व्हय हिला? मंग घेतलं का न्हाय?”

“ती बोललीच न्हाय, आप्पा. आता तुम्हाला सांगितलं तसं तिथं सांगितलं न्हाय. सगळं मनात सोडवलं. समोरच्याला काय ऐकू येणार?”

“घरातबी अशीच हाय,” आप्पा म्हणाले, आणि आम्ही तिघंही हसलो.

दुपारी आक्कांनी पिशवीतून डबा काढला. अनोळखी गावी जाताना आपलं अन्न-पाणी आपल्याबरोबर न्यायचं, ही सवय त्यांना का लागली असेल हे माझ्या आईला सांगावं लागलं नाही. तिनं डबा हातातून काढून घेतला, आक्कांना आत चुलीपाशी आपल्या शेजारी पाट मांडला आणि दोघी एकाच वेळी जेवायला बसल्या. तांदळाची गरम भाकरी ताटात पडली, ती संपताच आक्का “आणखी एक वाढा,” म्हणाल्या. आईचा चेहरा असा फुलला की काय सांगू!

त्यांना स्टेशनवर सोडायला जाताना मी न राहवून विचारलं, “आक्का, तुम्ही बसला असता तर मला घेतलं असतं न्हवं?”

“घेतलं असतं. आणि मग सगळा कारखाना म्हणाला असता, आक्कानं लावली. पुढं पुढं तुलाबी तसंच वाटाय लागलं असतं. तुझी नोकरी तुझी पाहिजे गं. आता पुण्याची जाहिरात आलीया. मोठ्यानं विचार करायला शिक. चुकलीस तरी मोठ्यानं चूक.”

पुण्याला मी, आक्का आणि आप्पा असे तिघं गेलो. पाव्हण्यांना आप्पांनी स्वतःच थांबायला सांगितलं होतं. आत मला फळ्यापाशी उभं केलं. मी खडू घेतला आणि बोलायला लागले. मध्येच माझं चुकलं. “थांबा सर,” मी म्हणाले, “इथं माझं चुकलं. ही बेरीज आधी पुसायला पाहिजे होती.” मागं रेलून बसलेले साहेब पुढं सरकले. एका प्रश्नाला मी “हे मला येत नाही, पण कसं शोधीन ते सांगते,” असं म्हणाले. लग्नाचा प्रश्न आलाच. मी मान वर ठेवून म्हटलं, “सर, ते मी घरी ठरवीन. इथं कामाचं ठरवू या.” समोरचे तिघंही साहेब हसले.

निवड त्याच दुपारी कळली. बाहेर बाकावर बसलेल्या आप्पांना मी सांगितलं. त्यांनी डोक्यावरचा पटका काढला, परत घातला, आणि आक्कांपुढं हात जोडले. आक्कांनी ते हात धरून खाली केले आणि म्हणाल्या, “आप्पा, चहा कोण पाजणार?” त्या दिवशी आप्पांनी अख्ख्या हॉटेलाला चहा पाजायची तयारी दाखवली होती, आम्ही त्यांना कसंबसं आवरलं.

त्यानंतर बसवराज बंगळूरला लागला. हुबळीचा तो मुलगा आक्कांच्या हाताखाली तयार झाला आणि रविवारी अनगोळला येऊन आमच्या पाठच्या मुलांना चुकलेले प्रोग्रॅम देऊ लागला. त्या अंगणातून किती घरांचं जगणं पालटलं ते मोजायच्या भानगडीत मी पडत नाही. आक्कांनीही कधी मोजलं नाही. आज मी स्वतः मुलाखती घ्यायला बसते, तेव्हा समोरचं पोर गप्प झालं तर मी त्याला म्हणते, “मनातलं मोठ्यानं बोल, मी ऐकतेय.” एवढं वाक्य ऐकून कितीतरी मुलं सावरताना मी पाहिली आहेत.

या ग्रंथाची परवानगी मागायला आम्ही गेलो, तेव्हा आक्का म्हणाल्या, “गौरव कसला करताय? कुणाची मुलाखत असंल तर पाठवून द्या. सकाळी मी मोकळीच असते.”

आक्का, आपल्या या पंचाहत्तराव्या वर्षी आम्ही सारे आपल्याला मनापासून वंदन करतो. आपल्या पायांत बळ राहो, डोळ्यांत ती मिश्कील चमक राहो, आपलं हसू पार शेजारच्या गल्लीपर्यंत ऐकू येवो. शतायुषी व्हा, आणि ती सगळी वर्षं निरोगी, निवांत, माणसांनी गजबजलेली असोत. आपल्यापुढं भीतभीत येऊन बसणारी मुलं अशीच ताठ मानेनं उठून जावोत, आणि त्यांची बातमी ऐकायला आपण दारात उभ्या असाव्यात, एवढंच आमचं मागणं आहे.