जावयानं रद्द केलेला नंबर

धानाचे ट्रॅक्टर रस्त्यावर दिसू लागले की ती घटना हटकून आठवते, आणि या वयातही माझे कान गरम होतात.

दिघोरीची एक म्हातारी आमच्या पोलीस ठाण्यात आली. तिचं धान खरेदी केंद्राच्या उघड्या आवारात पडलेलं, आभाळ भरलेलं, आणि वेबसाइटवरून मिळालेला मोजणीचा नंबर रद्द झालेला. केंद्रवाले म्हणत, तिनंच रद्द केला.

"मले मोबाईल लावता येत नाई सायेब, रद्द कुठून करू? पाणी आलं तं धानाले कोंब फुटन."

केंद्रावरच्या हमालानं खबर दिली: तिचा नंबर सुटताच तिच्या शेजाऱ्याचा लागला. शेजाऱ्याला उचलून आणलं. मला मिशी नाही, म्हणून नुसता आवाज जाड केला. "पासवर्ड कसा फोडलास?"

"फोडलो नाई सायेब. साइटचा पत्ता वर दिसते नं, त्यात प्रश्नचिन्हाच्या पुढं माहा नंबर होता. तो खोडून काकीचा टाकलो. तिचं पान उघडलं. खाली 'रद्द करा' होतं, दाबलो."

साइट इतकी भोळी? खात्री करायला मी ठाण्याच्या संगणकावर सासऱ्यांचा नंबर टाकला. ते कारध्याचे, त्यांचंही धान मोजणीच्या रांगेत; 'कधी लागते पाहा' म्हणून त्यांनी सकाळीच तो पाठवला होता. पान उघडलं.

"दाबू नका सायेब," आरोपी कळवळला. "विचारत नाई ते."

'खात्री आहे का?' एवढं तरी विचारेलच, या भरवशावर मी दाबलं.

नाही विचारलं.

रद्द झाल्याचा मेसेज पोचला असणार, लगेच सासऱ्यांचा फोन. "जावईबापू, माहा नंबर चोरीले गेला. तुमी पोलीस आहा नं? शोधा बरं!"

"सापडला आरोपी," मी पुटपुटलो.

बाकावरची म्हातारी म्हणाली, "एकाले धरलं, आता दुसऱ्याले कोण धरन?"

शेजाऱ्याचा जबाब आणि माझा प्रताप, दोन्ही स्टेशन डायरीत नोंदवले. केंद्रप्रमुखानं शेजाऱ्याच्या जागी म्हातारीचं धान काट्यावर घेतलं. शेवटचं पोतं गोदामात गेलं नि पाऊस कोसळला. सासरे मात्र रांगेच्या शेपटाला गेले.

नोकरीभर कुलूप तोडणारे शोधले. इथे कुलूपच नव्हतं. उघडं दार दिसलं की हात पोलिसाचाही शिवशिवतो, हे त्या दिवशी कळलं.

सासरे आता नाहीत. शेवटपर्यंत मी आलो की आधी मोबाईल उशाखाली सारायचे, मग म्हणायचे, "या, जावईबापू." तो नंबर मला अजून पाठ आहे. टाकून पाहिलेला नाही.